घासायच्या आधी, टेम्पो बोलवायच्या आधी

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला वाडा आता पाडला जाणार, तिथं अपार्टमेंट होणार. बिल्डरला सहा आठवड्यांत जागा मोकळी हवी आहे. सासू-सासरे दोघंही आता नाहीत. माळ्यावरून निघालं ते असं: कर्ण्याचा फोनो (ग्रामोफोन) आणि चाळीसेक तबकड्या, एक वाल्व्हचा रेडिओ, लंबकाचं घड्याळ, सासऱ्यांची तीन मनगटी घड्याळं, जरी लावलेल्या देवादिकांच्या तीन फ्रेमा, दोन पोती पितळ-तांबं, डबाभर नाणी, सांबराची शिंगं आणि कागदांनी भरलेली लोखंडी ट्रंक. सासूबाईंचा कोल्हापुरी साज कपाटात आहे. जुन्या वस्तू घेणारा एकजण येऊन 'सगळ्याचे पासष्ट हजार, रविवारी टेम्पो आणतो' म्हणून गेला. पुतण्या मोबाइलवर दाखवतो, नुसत्या फोनोचे अडीच लाख. दीर म्हणतात देऊन टाका, पुण्याच्या ननंदेला अजून कुणी विचारलेलं नाही. ताई विचारतात: 'आम्ही फसतोय का? आणि भांडी चिंच लावून लख्ख करून, फोटो काढून स्वतः विकली तर जास्त येतील का?'

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण उद्या सकाळी तुम्ही चिंच भिजत घालाल. घासू नका. एकही भांडं नाही, एकही नाणं नाही.

पितळेवर आणि तांब्यावर जो तपकिरी-काळसर थर चढलेला असतो तो तुम्हाला मळ दिसतो, घेणाऱ्याला तो वयाचा दाखला वाटतो. चिंचेतलं आम्ल तो थर उतरवतं, आणि भांडी घासायच्या पावडरीतली बारीक कच धातूही खरवडते. नुकसान सगळ्यात जास्त होतं ते अक्षरांचं. जुन्या भांड्यांच्या गळ्यावर किंवा कडेखाली ठोकून घातलेली नावं असतात, कधी गाव, कधी साल. चार वेळा रगडली की ही टिंबांची अक्षरं सपाट होतात, आणि भांडं कधीचं हे सांगणारा एकमेव पुरावा जातो. मऊ कोरडं फडकं आणि मऊ दातांचा ब्रश, एवढंच वापरा. आतली कल्हई खरवडू नका. एखाद्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर ती बाकीच्यांपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की ती धातू पोखरत जाते.

आता पासष्ट हजारांचं. तो माणूस तुम्हाला फसवतोय असं मी म्हणणार नाही. दोन-तीन वस्तूंवर त्याचा डोळा आहे, बाकीचं मोडीत घालून खर्च सुटेल, असा साधा हिशोब. अडचण एवढीच की त्या दोन-तीन वस्तू कुठल्या हे त्याला कळलंय आणि तुम्हाला नाही. पुतण्याचे अडीच लाख मात्र सोडून द्या. ती कुणीतरी मागितलेली किंमत आहे, कुणी दिलेली नव्हे. ऑनलाइन वस्तू वर्षभर त्याच भावाने पडून असते आणि ती बघून दहाजण आपली किंमत ठरवतात. बघायचंच असेल तर झालेल्या लिलावांचे निकाल बघा. नाण्यांचे आणि चित्रांचे लिलाव करणाऱ्या कंपन्या कुठला नग किती बोलीला गेला हे आपल्या साइटवर ठेवतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे जितकं जुनं तितकं महाग. आपल्याकडचा सगळा घोळ इथून सुरू होतो. दोनशे वर्षं जुनी झिजलेली शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) अगदी थोडक्या पैशात मिळते, कारण ती ढिगानं सापडते. उलट नव्वद वर्षांपूर्वीचं, फेकून द्यायच्या लायकीचं छापील चोपडं हवं म्हणून माणसं फोन करत राहतात, कारण ते सगळ्यांनी फेकून दिलं. टिकलं किती, कुणी हात न लावता टिकलं, आणि त्याच्याबद्दल काय सांगता येतं, यावर भाव ठरतो.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर ट्रंकेपासून सुरुवात केली असती. तुमच्या यादीत ती शेवटी आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिली आहे.

कोल्हापुरातली ट्रंक ही इतर गावांतल्या ट्रंकेसारखी नसते. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. प्रभात 1929 मध्ये इथं सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. त्या काळात थिएटरच्या दारात गाण्यांची आणि कथासाराची पातळ चोपडी मिळायची. चार-आठ-सोळा पानं, स्वस्त कागद, बघून झालं की घरी आणून कपाटाच्या तळाला अंथरायची. आज चित्रपटांचे संग्राहक हीच शोधतात. त्याबरोबर हँडबिलं, तिकिटांचे तुकडे, स्टुडिओत काढलेले फोटो, करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या शिक्क्याचे स्टँपपेपर, मोडी लिपीतले कागद असं काहीही निघू शकतं. एखादं चित्र निघालं तर कोपऱ्यातली सही बघा. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी यांच्या गावात घरच्या ट्रंकेत जलरंगातलं चित्र सापडणं ही काही अशक्य गोष्ट नाही. सही वाचता आली नाही तर कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट या महाविद्यालयांतल्या जुन्या शिक्षकांना दाखवा. टाउन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रं भिंतीवर आहेत, तीही एकदा जाऊन बघून या.

ट्रंक उघडताना हात कोरडे हवेत आणि पंखा बंद. गठ्ठा ज्या क्रमानं बांधलाय त्याच क्रमानं राहू द्या; दोरी सोडायच्या आधी फोटो काढा. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका, घडीवरच कागद तुटतो. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. गरम प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद परत बाहेर काढता येत नाही, आणि तसा कागद संग्राहक हातात धरत नाही. स्टँपपेपरवरचा शिक्का तेवढा कापून घेणारेही भेटतील. 'कागद तुम्हीच ठेवा की, मला फक्त तिकीट द्या' असं गोड बोलतात. देऊ नका, अखंड कागदाची गोष्टच वेगळी.

मोडी वाचता येत नसेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्यांचा पत्ता लागतो. त्याआधी एक काम करा. वाड्याचं खरेदीखत, वाटणीपत्र, सनद असं काही त्या गठ्ठ्यात आहे का, हे बिल्डरच्या नव्हे तर तुमच्या वकिलाला दाखवा. जागेचा व्यवहार चालू असताना घराचेच कागद टेम्पोत गेले, तर ते परत मिळवायला पासष्ट हजार पुरायचे नाहीत.

फोनोबद्दल पहिला प्रश्न असा की तो घरात कधी आला? सासऱ्यांच्या वडिलांनी घेतला असेल तर चांगलं. गेल्या तीस वर्षांत कुणी हौसेनं आणला असेल तर जरा थांबा. बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे जे फोनो दिसतात त्यातले बरेच जुन्या सुटकेसच्या आकाराच्या फोनोचं मशीन काढून, नव्या लाकडी खोक्यात बसवून, वर एचएमव्हीचं कुत्र्याचं चित्र चिकटवून तयार केलेले असतात. खोक्याच्या आतलं लाकूड बघा. बाहेर काळपट आणि आत कोरं-पिवळं असेल, मशीन ज्या भोकांवर बसवलंय त्याच्या शेजारी जुनी रिकामी भोकं असतील, तर तो जोडलेला आहे. जुने कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे. चावी पाच-सहा वळसे द्या, त्याहून जास्त नाही. आतलं ग्रीस गोठलेलं असतं आणि स्प्रिंग तुटली की मशीनच जातं. पिन पोलादी असेल तर एका बाजूला एक, मग टाकून द्यायची. तीच पिन पुन्हा वापरली तर ती तबकडीची रेघ खाते.

तबकड्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) असतील तर त्या लाखेपासून केलेल्या आहेत. म्हणजे दोन गोष्टी. पडल्या की फुटतात, आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझरनं पुसल्या तर लाख विरघळते. स्वच्छतेच्या नादात चांगल्या तबकड्या अशाच जातात. कोरडा मऊ ब्रश पुरे. एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. नाट्यसंगीत आणि ख्याल गायकीच्या तबकड्या वेगळ्या काढा. गायक अल्लादिया खाँसाहेबांचं वास्तव्य या गावात होतं, त्यामुळे केसरबाई केरकरांसारख्या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या इथल्या घरांत असू शकतात. पन्नास-साठच्या दशकातली सिनेमाची गाणी बहुतेक ढिगात मोजली जातात. त्यांचा लोभ धरू नका.

रेडिओची वायर प्लगमध्ये घालून 'चालू आहे का' बघायचं नाही. वाल्व्हच्या सेटमधले कागदी आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत निकामी होतात, थेट दोनशे तीस व्होल्ट दिले की ट्रान्सफॉर्मर जळतो. काही सेटच्या पत्र्यातच करंट असतो. जाणकार मेकॅनिक शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून आधी तपासतो. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. बंद पण अखंड रेडिओ, चालू करण्याच्या प्रयत्नात जळालेल्या रेडिओपेक्षा केव्हाही बरा. मागचा पुठ्ठा, बटणं, स्टेशनांची काच हे शाबूत आहे ना एवढं बघा. रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं तर त्याच्यासोबतच ठेवा.

भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलवायच्या आधी काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्यात त्याची टांगायची पट्टी तुटेल. मनगटी घड्याळांची तबकडी नव्यानं रंगवून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. एचएमटी असो, फावर-ल्यूबा असो की वेस्ट एंड, डागाळलेली पण मूळ तबकडी हवी असते. रंगवलेल्या तबकड्यांनी बाजार भरलाय आणि त्या ओळखणारे डोळेही तयार झालेत.

फ्रेमांकडे जरा वेळ द्या. पुतण्याला दहा पटीचं भिंग आणायला सांगा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. चित्रातल्या देवीच्या गालावर धरा. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी शिस्तीत मांडलेली बारीक फुलं दिसली तर ते अलीकडचं ऑफसेट छपाईचं काम, मग फ्रेम कितीही जुनी असो. वेडेवाकडे, लहानमोठे, विखुरलेले ठिपके दिसले तर दगडावरून छापलेलं जुनं चित्र असण्याची शक्यता वाढते. मग खालची कोरी पट्टी बघा. रवि वर्मा प्रेस 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्या छापखान्याचं नाव तिथं असतं. पुष्कळ घरांत फ्रेममध्ये बसावं म्हणून ती पट्टी कापलेली असते. जरी आणि टिकल्या मात्र घरच्या बायकांनी नंतर चिकटवलेल्या, आणि त्या काढायच्या नाहीत. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, काचेसकट आडवं ठेवा. (2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं त्यांच्याकडे हे हमखास झालंय, त्यांनीही तसंच ठेवावं.)

पितळेत हंडे, घागरी, परातींना मोडीच्या भावाहून फारसं जास्त येणार नाही, हे मनाशी धरा. वेगळे काढायचे ते अडकित्ते, पानाचे डबे, चुन्याच्या डब्या, लामणदिवे, करंडे, दौती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात याच घरगुती वस्तू काचेआड आहेत, तिथं एक चक्कर टाकलीत तर काय बघायचं ते कळेल. मोठ्या भांड्यांत आतून हात फिरवा. हातानं घडवलेल्या जुन्या भांड्याच्या पोटात दातेरी, करवतीसारखा सांधा लागतो. मशीनवर ओढलेल्यात सांधा नसतो, बुडाला एकाआत एक गोल रेघा दिसतात. सांध्याची बाजूला, बाकीची दुसऱ्या पोत्यात.

नाण्यांचं पटकन सांगते. राणी व्हिक्टोरियाचा रुपया 11.66 ग्रॅमचा, जवळपास 92 टक्के चांदीचा. गुजरीत सोनाराच्या काट्यावर घाला. 1862 साल बघून हुरळू नका, ते साल कोरलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते. 1940 ते 45 चे रुपये निम्म्या चांदीचे. 1947 चे निकेलचे, लोहचुंबकाला टचकन चिकटतात. राम-सीतेचा दरबार आणि मागं ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं 'चमत्कारी' नाणं निघालं तर ते खेळणं समजा, कंपनीनं तसं नाणं कधी पाडलंच नाही. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे लाखो देणारा फोन आला आणि त्यानं आधी कर किंवा कमिशन भरा म्हटलं की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये याच फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं.

शिंगं विकता येत नाहीत. वन्यजीव कायद्यानं सांबराच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, झडलेली असली तरी. 'लॉटमध्ये जाऊ दे' म्हणून दिलीत तर देणारा आणि घेणारा दोघंही गुन्ह्यात. संस्थानी काळातल्या शिकारीमुळे कोल्हापूरच्या वाड्यांत ही भिंतीवर दिसतात, पण मालकीचा दाखला बहुतेकांकडे नसतो. कागदांत असा दाखला आहे का बघा, आणि नसेल तर वन विभागाच्या कार्यालयात लेखी कळवून काय करायचं ते विचारा. तलवार किंवा बंदूक निघाली तर तसंच पोलीस ठाण्यात.

देव्हाऱ्यातल्या मूर्ती आणि चांदीचे टाक यादीत नाहीत, पण घेणारा विचारेल. शंभर वर्षांहून जुन्या धातू, दगड, लाकडाच्या मूर्तींची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, आणि अशा जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. परदेशी पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा, खासगी माणसाला ते करता येत नाही.

साज मोडू नका, असं भावनेपोटी सांगत नाही. पानांत आणि मण्यांत लाख भरलेली असते. मोडताना ती वजा होते, घट वजा होते, आणि घडणावळीचं शून्य मिळतं. आणि साज सासूबाईंचा होता, म्हणजे त्यावर त्यांच्या मुलीचा मुलांइतकाच हक्क आहे. बाकी सामानालाही तेच लागू. ननंदेला विचारायचं राहिलंय असं तुम्ही लिहिता. ते 'राहिलेलं' काम नाही, पहिलं काम आहे. आजच फोन करा. पैशांपेक्षा 'मला न विचारता दिलं' हे वर्षानुवर्षं निघत राहतं.

पत्रात नसलेली एक गोष्ट. वाड्याचे खांब, तुळया, कोरीव हस्त (तुळईखालचे आधार), दिंडी दरवाजा सागवानी असतील. पाडकामाच्या करारात 'जुने साहित्य ठेकेदाराचे' अशी ओळ असते आणि तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. सही झाली नसेल तर ती काढून घ्या, झाली असेल तर दरवाजा आणि कोरीव लाकूड तेवढं वगळून घ्यायला बोला. काही घरांत हे लाकूडच माळ्यावरच्या सगळ्या सामानाहून जास्त भरतं.

सहा आठवड्यांचं काम फार नाही. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला नंबर, सुती दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी (स्टिकर नको, गोंद डाग पाडतो), उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वजन, आणि ती कुणी, कधी, कुठून आणली हे जितकं आठवतं तितकं. खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून पाच फोटो: समोरून, मागून, बुडाचा, आतला, आणि अक्षरं किंवा शिक्का असेल त्याचा. वहीवर तुमची, दिरांची आणि ननंदेची अशा तिघांच्या सह्या घ्या. मग फोनो एकाला, नाणी दुसऱ्याला, कागद तिसऱ्याला, असं त्या त्या विषयातल्या किमान दोघांना दाखवा. लिलावाला द्यायचं झालं तर कमिशन किती, न विकलं गेलं तर परतीचा खर्च कुणाचा, किमान किंमत कोण ठरवणार, हे लिहून घ्या. भांडी, घड्याळं, फर्निचर अशा घरगुती वापराच्या वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, मूर्ती यांना ती सूट नाही. आणि रोख रक्कम दोन लाखांच्या आतच, त्यापुढं बँकेतून.

रविवारी तो माणूस टेम्पो घेऊन आलाच तर चहा द्या, मशीनवरची भांडी मोडीच्या भावानं त्याच्यासमोर तोलून द्यायला हरकत नाही. बाकीचं 'घरात ठरलं की कळवतो'. विसार घेऊ नका. आणि ट्रंक त्याआधी आतल्या खोलीत नेऊन ठेवा.